घरी मॉर्फिन चालू असलेल्या रुग्णाची शुश्रूषा: घड्याळ, वही आणि नजर

मॉर्फिनची गोळी घरात आली की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, "ही शेवटची गोळी, डॉक्टरांनी हात टेकले." दुसरा म्हणतो, "सवय लागेल, जपून द्या." दोघांचा परिणाम मात्र एकच होतो: गोळी उशिरा दिली जाते आणि माणूस कण्हत पडतो. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमधून किंवा सोलापूरच्या सिव्हिलमधून उपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या सुनेसाठी, मुलासाठी, बायकोसाठी हे लिहिलं आहे. डोसाचे आकडे समजण्यासाठी दिले आहेत. तुमच्या रुग्णाचा डोस तोच, जो त्याच्या चिठ्ठीवर आहे.

भीतीचं आधी मिटवू. कॅन्सरच्या दुखण्यासाठी, सांगितलेल्या मापात मॉर्फिन घेणाऱ्या माणसाला व्यसन लागणं फार क्वचित घडतं. शरीराला औषधाची सवय मात्र होते, म्हणून ते कधीही एकदम तोडायचं नाही. एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, बेचैनी, अंगावर काटा असा त्रास होतो. रेडिएशननंतर दुखणं कमी झालं तर डॉक्टर पायरीपायरीने डोस उतरवतात आणि अनेकांचं मॉर्फिन सुटतंही. "आत्ताच दिली तर पुढे काय उरणार?" हाही प्रश्न नको. डोस वाढवायला जागा असते. मॉर्फिनला पॅरासिटामॉलसारखी ठरलेली वरची मर्यादा नाही.

गोळी दुखल्यावर नाही, वेळेवर

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी जी पद्धत घालून दिली, तिच्यातली मोठी गोष्ट हीच: जमेल तोवर तोंडाने आणि घड्याळावर. दुखणं वर आलं की ते खाली आणायला जास्त औषध लागतं. वर येऊच दिलं नाही तर कमी औषधात भागतं.

मॉर्फिनच्या गोळ्या दोन जातींच्या असतात आणि घरात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. साधी गोळी, बहुतेक वेळा १० मिलिग्रॅमची, अर्ध्या तासात काम सुरू करते आणि सुमारे चार तास पुरते. दुसरी सावकाश विरघळणारी. तिच्या पाकिटावर 'एसआर' लिहिलेलं असतं आणि ती १२ तास चालते. एसआर गोळी कधीच तोडायची नाही, कुटायची नाही, चावायची नाही. तोडली की १२ तासांचं औषध एका दमात अंगात उतरतं. साधी गोळी मात्र अर्धी करता येते. म्हाताऱ्या, अशक्त माणसाला डॉक्टर बऱ्याचदा अर्ध्या गोळीपासूनच सुरुवात करतात. दोन्ही जाती घरात असतील तर दोन वेगळ्या रंगांच्या डब्यांत, मूळ पाकिटातच ठेवा. कात्रीने एकेक गोळी कापून एकाच डबीत टाकायची आपली सवय इथे घात करते.

साध्या गोळीचं वेळापत्रक सहसा असं बसतं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १० वाजता दुप्पट डोस, म्हणजे मध्यरात्री २ ची गोळी वगळता येते आणि सगळं घर झोपतं. ही दुप्पट डॉक्टरांनी लिहिली असेल तरच. १० मिलिग्रॅमचा डोस असेल तर दिवसाचे ६० मिलिग्रॅम झाले. याच माणसाला पुढे एसआरवर नेलं तर ३० सकाळी, ३० संध्याकाळी असा हिशेब येतो.

वेळेच्या गोळीशिवाय मध्येच कळ उठली तर द्यायचा एक जादा डोस चिठ्ठीवर असतो. तो साध्या गोळीचाच असतो, एसआरचा कधीच नाही, आणि साधारण दिवसाच्या एकूण मापाच्या सहाव्या भागाइतका. ६० चा सहावा भाग १०. जादा डोस दिला म्हणून पुढची वेळेची गोळी चुकवायची नाही. ही चूक सर्रास होते. जादा डोस दिल्यावर तासाभराने विचारा. फरक नसेल तर परत देता येतो का, किती वेळा देता येतो, हे चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर आणा. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा जादा डोस लागू लागला तर मूळ डोस अपुरा पडतोय. तेव्हा घरीच वाढवत बसू नका, फोन करा.

अंघोळ, जखमेचं ड्रेसिंग, कूस बदलणं, रिक्षातून दवाखान्यात जाणं, यांत दुखणार हे आधीच माहीत असतं. डॉक्टरांची परवानगी असेल तर जादा डोस अर्धा तास आधी द्या आणि मग हात लावा. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा हाडातल्या कॅन्सरच्या माणसाला वेगळा कळतो.

गोळी चुकली तर? लक्षात येताच द्या आणि पुढची तिथून चार तासांनी. एसआर असेल तर तिथून बारा तासांनी. राहिलेली आणि आत्ताची अशा दोन एकदम द्यायच्या नाहीत. गोळी दिल्यावर लगेच उलटी झाली आणि उलटीत अख्खी गोळी दिसली तरच परत द्या. दिसली नाही तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा किंवा फोन करून विचारा. सोलापुरात पाण्याच्या दिवशी हमखास गोळी चुकते. नळ आला की सगळं घर घागरी-बॅरलमागे धावतं आणि सकाळची ६ ची गोळी ८ ला जाते. मोबाइलवर पाच गजर लावा आणि तो मोबाइल रुग्णाच्या खोलीत ठेवा.

वही

गोळी देणं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तासाभराने जाऊन बघणं आणि लिहिणं. डॉक्टरांकडे गेल्यावर "रात्री लई दुखलं" एवढं सांगून डोस ठरत नाही. दोनशे पानी साधी वही घ्या आणि रोज एक पान वापरा. वेळ, काय दिलं, देण्याआधी किती दुखत होतं, तासाभराने किती, आणि शेवटी शौचास झाली का. एवढंच लिहा, पण रोज लिहा. पान असं दिसेल (दुखणं रुपयातल्या आण्यांत मोजलंय, सोळा आणे म्हणजे सहन होईनासं):

स. ६.०० – मॉर्फिन १० – ६ आणे – ७ वा. २ आणे
स. १०.०० – मॉर्फिन १० – ५ आणे – ११ वा. २ आणे
दु. १२.३० – जादा १० (ड्रेसिंगआधी) – ड्रेसिंगला ४ आणे
दु. २.०० – मॉर्फिन १० – ४ आणे – ३ वा. झोपले, हाक मारली, उठले
सं. ६.०० – मॉर्फिन १० – ८ आणे – ७ वा. ५ आणे
रा. १०.०० – मॉर्फिन २० – ५ आणे – ११ वा. झोपले, श्वास १४
शौच – नाही (दुसरा दिवस). लघवी – ४ वेळा.

या पानावरून डॉक्टरांना दोन गोष्टी कळतात: संध्याकाळी दुखणं वर येतंय आणि पोट अडलंय. दोन्हींवर इलाज आहे.

दुखणं ० ते १० मध्ये सांगा म्हटलं की तरुण माणूस आकडा सांगतो. सत्तरीच्या म्हाताऱ्याला मात्र सुनेने "मामा, रुपयातलं किती आणे दुखायलंय?" असं विचारलं तर उत्तर लवकर येतं. सोळा आणे म्हणजे सहन होईनासं, शून्य म्हणजे काहीच नाही. एकदा माप ठरलं की तेच चालू ठेवा. आज आणे, उद्या दहापैकी असं नको. आकड्यापलीकडे एक साधी खूण बघा: दुखणं त्याला झोपू देतंय का, बसून जेवू देतंय का.

दुखण्याची जातही लिहा. ठणका, ठसठस, दाबल्यासारखं दुखणं मॉर्फिनला चांगलं ऐकतं. आग होणं, करंट बसल्यासारखी चमक, मुंग्या, नुसत्या चादरीच्या स्पर्शाने कळ, हे नसांचं दुखणं. ते मॉर्फिनला अर्धवटच ऐकतं आणि त्यासाठी वेगळी गोळी लागते. नुसतं "दुखतंय" लिहिलं तर डोस वाढत जातो आणि आग तशीच राहते. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, अक्कलकोटकडे घरची बोली तेलुगू किंवा कन्नड असते. रात्री दुखताना माणूस आपल्या बोलीतच बोलतो. त्याने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा.

आणि "बरं हाय, तू झोप" यावर विश्वास ठेवू नका. घरच्यांना त्रास नको म्हणून दुखणं लपवणारे फार असतात, त्यात बायका जास्त. कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, एकाच कुशीवर पडून राहणं, न जेवणं, उगाच चिडणं हेही वहीत लिहा. बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर एवढंच हाती असतं.

पोट: सगळ्यात जास्त लक्ष इथे

मळमळ सुरुवातीचे पाच-सात दिवस असते, मग बहुतेकांची जाते. झोप दोन-तीन दिवस येते, मग कमी होते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. मॉर्फिन आतड्याची हालचालच मंद करतं आणि शरीर त्याला सरावत नाही. म्हणून मॉर्फिनची पहिली गोळी आणि रेचकाची पहिली गोळी एकाच दिवशी सुरू व्हायला हवी. चिठ्ठीवर रेचक लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. ते विसरलं जातं.

रेचक कुठलं, हेही महत्त्वाचं. इथे आतड्याला ढकलणारं औषध लागतं: बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट किंवा सोनामुखीपासून केलेलं. बिसाकोडिलच्या ५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री, ही नेहमीची सुरुवात. ही गोळी दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर देऊ नका आणि तोडूही नका. वरचं आवरण पोटातच विरघळलं तर मुरडा येतो. लॅक्टुलोजचं गोड सिरप शौच मऊ करतं, पण नुसत्या त्यावर भागत नाही, शिवाय काहींना पोट फुगतं. इसबगोल घरोघरी असतं आणि मोठ्या विश्वासाने दिलं जातं. मॉर्फिनवर असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला ते देऊ नका. मंद आतड्यात ते फुगून बसतं आणि पोट आणखी अडतं. एरंडेलाचाही आग्रह नको.

जेवणाचं बोलायचं तर आपली ज्वारी चांगलीच, पण कोरडी नको. कडक भाकरी आवडत असेल तर आमटीत कुस्करून, मऊ करून द्या. तोंडाच्या कॅन्सरच्या माणसाला शेंगा चटणी झोंबते. त्याऐवजी ताकातली ज्वारीची आंबील, मऊ भात, मुगाचं पातळ वरण. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर थोडंथोडं पाणी दिवसभर चालू ठेवा. सकाळच्या कोमट पेयानंतर रुग्णाला कमोडवर किंवा खुर्चीच्या शौचपात्रावर बसवा. पडल्यापडल्या कुंथून काही होत नाही. लाजेपोटी शौच दाबून धरणाऱ्यांसाठी पडदा लावा. यात संकोच ठेवणारी घरं पुढे एनिमापर्यंत पोहोचतात.

तीन दिवस शौच झाली नाही तर चौथ्याची वाट बघू नका. गुदमार्गे द्यायची गोळी किंवा एनिमा द्यायचा का, ते डॉक्टर किंवा नर्स तपासून ठरवतील. पोट टणक फुगलेलं, उलट्या, वायूसुद्धा सरत नाही, अशा स्थितीत कुठलंच रेचक देऊ नका, दवाखान्यात न्या. आतडं अडलेलं असू शकतं.

एक फसवी गोष्ट. चार-पाच दिवस अडलेल्या माणसाला अचानक थोडंथोडं पातळ होऊ लागतं. घरचे म्हणतात, "जुलाब लागले," आणि रेचक बंद करून जुलाबाची गोळी देतात. प्रत्यक्षात खाली घट्ट खडा अडकलेला असतो आणि वरचं पाणी त्याच्या कडेने झिरपतं. जुलाबाची गोळी दिली की आणखी घट्ट. अशा वेळी आधी बोटाने तपासणी होऊ द्या.

मळमळीसाठी डॉक्टर मेटोक्लोप्रॅमाइड जेवणाआधी देतात, नाहीतर दुसरं काही. ऑन्डॅन्सेट्रॉन मेडिकलवर सहज मिळतं, पण ते स्वतःच पोट आवळतं. मनाने आणलं असेल तर वहीत लिहा.

झोप आणि श्वास

बरेच दिवस दुखण्याने न झोपलेला माणूस मॉर्फिन सुरू झालं की दोन दिवस झोपून काढतो. ही साठलेली झोप आहे. हाक मारली की डोळे उघडतो, दोन घोट पाणी पितो, बोलतो, परत झोपतो, इतपत चालेल. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून घोरायला लागला, घास तोंडात तसाच राहिला, तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच फोन करा. औषध जास्त झालं की आधी झोप वाढते, श्वास नंतर मंदावतो. म्हणजे झोपेवर नजर असेल तर हातात वेळ असतो.

श्वास मोजायचा तो झोपेत आणि पूर्ण एक मिनिट. रुग्णाला सांगून मोजला तर तो नकळत बदलतो. पंख्याची झुळूक अंगावरून बाजूला करा, छातीवरची चादर एकेरी ठेवा, घड्याळाचा काटा बारावर आला की छाती किंवा पोट वर येईल ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. मंद श्वासात ते फसतं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. दहाच्या खाली आला तर जागं करा, पुढची गोळी देऊ नका, डॉक्टरांना कळवा. आठच्या खाली, ओठ-नखं निळसर, बुबुळांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, हाक मारून, खांदा हलवूनही उठत नाही, ही आणीबाणी. कुशीवर वळवा, तोंडातली दातांची कवळी किंवा घास काढा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना वही व पाकीट बरोबर घ्या. तिथे नालोक्सोनचं इंजेक्शन देऊन हा परिणाम उतरवता येतो. नाकाशी कांदा धरणं, तोंडात पाणी ओतणं, हे करू नका. पाणी फुप्फुसात जातं.

असं होण्यामागे बहुतेक वेळा मॉर्फिनबरोबर गेलेलं दुसरं काहीतरी असतं: झोपेची गोळी, दारू, खोकल्याचं औषध, किंवा नसांच्या दुखण्यासाठी नुकतीच वाढवलेली प्रीगाबालिन-गॅबापेंटिन. या गोळ्या मॉर्फिनबरोबर चालतात, पण डोस बदलल्यानंतरचे दोन-तीन दिवस जवळ माणूस हवं. रात्री लघवीला एकट्याने उठू देऊ नका, चक्कर येऊन पडतात. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांची लघवी अडू शकते. ओटीपोट फुगलंय आणि थेंबथेंब होतंय असं दिसलं तर तेही कळवा.

सोलापूरचा उन्हाळा

हा भाग वेगळा लिहायचं कारण आहे. मॉर्फिनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर, पत्र्याचं घर, रुग्ण पाणी कमी पितो, त्यात दोन उलट्या किंवा जुलाब झाले की लघवी कमी होते आणि तोच डोस, जो मार्चमध्ये बरोबर होता, अंगात साठायला लागतो. खुणा अशा: गुंगी वाढते, हातपाय झोपेत झटके देतात, माणूस भलतंच बडबडतो, भिंतीवर माणसं दिसतात. घरचे म्हणतात "ऊन लागलं" किंवा "बाहेरचं काहीतरी". वहीत लघवीच्या वेळा असतील तर खरं कारण सापडतं. दिवसा सहा-आठ तास लघवी नाही, किंवा चहासारखी गडद, एवढ्यावरच फोन करा. झटके येईपर्यंत थांबू नका.

उन्हाळ्यात डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी ताण देतात. ब्लडप्रेशरची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. "दुखण्याचं एक इंजेक्शन मारून घेऊ" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेण्याआधी मॉर्फिन चालू आहे हे तिथे सांगा. खरं तर नेऊच नका.

औषधं खिडकीत, फ्रिजवर, देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवू नका. लोखंडी कपाटातला खालचा कप्पा सगळ्यात थंड आणि कुलूपही लागतं. घरात लहान मूल असेल तर कुलूप लागलंच पाहिजे. एक गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

नळीतून द्यायचं असेल तर

तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये नाकातून नळी असते. तंबाखू आणि मिश्रीच्या आपल्या भागात असे रुग्ण कमी नाहीत. नळीतून फक्त साधी मॉर्फिन गोळी द्यायची. स्वच्छ वाटीत गोळी चमच्याच्या पाठीने बारीक करा, १०-१५ मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ढवळा, रुग्णाला टेकवून बसवा. आधी ३० मिलिलिटर पाणी नळीत सोडा, मग औषध, मग वाटी विसळून तेही पाणी, आणि शेवटी परत ३० मिलिलिटर. वाटीच्या तळाशी राहिलेली पांढरी भुकटी म्हणजे राहिलेला डोस. दुधात किंवा भाताच्या पेजेत कालवून देऊ नका. अर्धं नळीतच बसतं आणि नळी तुंबते. दुसरी औषधं एकत्र कुटू नका, एकेक द्या. दिल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

एसआर चालू असलेल्या माणसाला नळी घातली गेली तर एसआर कुटून देणं हा सगळ्यात धोकादायक शॉर्टकट. डॉक्टर ती साध्या गोळीत बदलून देतील.

तोंड कोरडं पडतं, त्याची काळजी वेगळी. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ. गिळता न येणाऱ्याचं तोंड याच पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा.

पट्टी लावली असेल तर

गोळीऐवजी कातडीतून मॉर्फिनच्याच जातीचं औषध देणारी पट्टी असते: फेंटानिलची ७२ तास चालते, बुप्रेनॉर्फिनची सहसा ७ दिवस. नावं आणि दिवस गोंधळले की एक तर औषध संपतं किंवा दुप्पट होतं, म्हणून पट्टीवर बॉलपेनने न लिहिता शेजारी चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहा. जागा: दंडाचा वरचा भाग किंवा छाती, सपाट, बिनजखमेची. केस कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका. साबण-तेल न लावता नुसत्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. दर वेळी जागा बदला आणि नवी लावण्याआधी जुनी काढली का, हे अंगावर हात फिरवून बघा. जुनी पाठीवर विसरलेली सापडते.

फेंटानिलच्या पट्टीचा पूर्ण असर यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टर लिहून देतात. काढल्यावरही औषध जवळपास दिवसभर कातडीखालून उतरत राहतं, म्हणून गुंगी आली आणि पट्टी काढली की धोका टळला असं समजू नका. उष्णतेने पट्टीतलं औषध भराभर उतरतं: ताप, गरम पाण्याची पिशवी, उन्हात ठेवलेली बाज, कढत पाण्याची अंघोळ, सगळंच. पट्टी असलेल्या माणसाला ताप आला तर ताप उतरवा आणि गुंगीवर नजर ठेवा. काढलेली पट्टी चिकट बाजू आत करून दुमडा. तिच्यात औषध शिल्लक असतं, ती केराच्या डब्यात उघडी टाकायची नाही.

शेक द्यायचाच तर पट्टीपासून लांब द्या, बधिर भागावर नको. रेडिएशन झालेल्या कातडीवर शेकही नको, बामही नको.

बरोबरच्या इतर गोळ्या

मॉर्फिनबरोबर पॅरासिटामॉल चालतं आणि उपयोगी पडतं, पण हिशेब ठेवा. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅमची कमाल मर्यादा. वजन घटलेल्या, दारू पिणाऱ्या, यकृताचा त्रास असलेल्याला त्याहून बरीच खाली. ६५० च्या चार गोळ्या म्हणजे २६००. त्यात 'दुखण्याची' म्हणून आणलेल्या जोडगोळीत ३२५ असतं, तीन वेळा दिली की ९७५. झाले ३५७५, आणि सर्दीची गोळी अजून धरलीच नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

डायक्लोफेनॅकच्या जातीची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणानंतरच द्या. शौच डांबरासारखी काळी झाली तर गोळी बंद करून फोन करा. डेक्सामेथासोन (स्टेरॉइडची गोळी) सकाळी द्या. संध्याकाळी दिलं तर रात्रभर टक्क जागरण, शिवाय साखर वाढते. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी आधीची उरलेली असेल तर मॉर्फिनबरोबर मनाने देऊ नका; त्याने फिटही येऊ शकते.

एकादशी, रोजे यांबद्दल आधीच बोलून घ्या. माणूस ऐनवेळी "आज काही घेणार नाही" म्हणतो. १२ तासांच्या गोळीच्या वेळा उपवासाशी जुळवता येतात, पण ते डॉक्टरांनी आठवडाभर आधी बसवून द्यायला हवं.

साठा आणि कागद

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' म्हणून वेगळी काढली गेली आणि मान्यताप्राप्त संस्थांतून ती मिळणं सोपं झालं. तरी हे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं औषध नाही. गोळ्या संपायला पाच-सहा दिवस असतानाच जायचं. बार्शी सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटर. मध्ये रविवार, सण किंवा गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी आली की दोन दिवस जातात. प्रवासात, अगदी पंढरपूरला जायचं तरी, गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीची प्रत बरोबर. दर रविवारी गोळ्या मोजा आणि वहीत आकडा लिहा. हिशेब जुळत नसेल तर एक तर डोस चुकतोय किंवा घरातलं कोणीतरी हात मारतंय.

गिळणं कमी होतंय असं दिसू लागलं की डॉक्टरांना तेव्हाच विचारून ठेवा: गोळी जाईनाशी झाली तर काय द्यायचं? कातडीखाली इंजेक्शन, नळी किंवा पट्टी, यातलं काय आणि ते कोण देणार, हे दिवसाउजेडी ठरलेलं असावं. गिळता येत नाही म्हणून मॉर्फिन आपोआप बंद झालं तर दुखणं आणि बंद केल्याचा त्रास दोन्ही एकदम अंगावर येतात आणि माणसाला सांगताही येत नाही.

उरलेल्या गोळ्या शेजारच्या कुणाला 'त्यांनाही दुखतंय' म्हणून द्यायच्या नाहीत. ज्याने मॉर्फिन कधी घेतलं नाही त्याच्यासाठी तुमच्या रुग्णाचा डोस जीवघेणा ठरू शकतो. त्या मोजून, पाकिटासकट, जिथून आणल्या तिथेच परत करा आणि परत केल्याची नोंद त्यांच्या रजिस्टरमध्ये झाली का ते बघून या.